तळ दिसणारं पाणी

निर्मळमध्ये नर्मदाबाई म्हात्र्यांचं घर विचारलं तर दोन तऱ्हेची उत्तरं मिळतात. देवळाजवळचा हारवाला म्हणतो, "मोगऱ्याची वाडी ना? सरळ जा, केळी संपल्या की डावीकडे." आणि सकाळच्या बसने फुलं तोडायला येणाऱ्या बायकांना विचारलं तर त्या म्हणतात, "पोहायला शिकवते ती मावशी?" घर एकच. पण दुसरं उत्तर ऐकून नर्मदाबाईंना जेवढा आनंद होतो तेवढा पहिल्याने होत नाही, आणि हे त्या लपवतही नाहीत.

वय एकसष्ट. बांधा ठेंगणा, अंग भरलेलं, तोंड फटकळ आणि दोन्ही गुडघे कायमचे रुसलेले. ओटीवरून अंगणात उतरायचं तर खांबाला धरून, एकेक पाय सावरत, देवाचं नाव घेत. तीच बाई बावखलात उतरली की ओळखू येत नाही. बावखल म्हणजे वाडीच्या मधोमध खणलेलं तळं. वसईच्या बागायतीचा सगळा जीव त्यात. म्हात्र्यांचं बावखल चांगलं खोल आहे. पाणी शेवाळाने हिरवंगार, हात बुडवला तर मनगटापुढचं दिसत नाही. त्या हिरव्या पाण्यातून नर्मदाबाई मान वर काढून, पदर खोचून, या काठावरून त्या काठावर अशा जातात की गुडघे घरी ठेवून आल्यात असं वाटावं.

पोहणं त्या माहेरी, वाघोलीला शिकल्या. वाडीतल्या पोरी तेव्हा पोरांच्या बरोबरीने बावखलात डुंबायच्या, आणि मग एक दिवस आई म्हणायची, "पुरे आता, मोठी झालीस." नर्मदाबाईंनाही ते ऐकावं लागलं. लग्न होऊन निर्मळला आल्या तर परसातच बावखल, पण सुनेने पाण्यात उतरायचं नाही हे कुणी न सांगताच ठरलेलं. सगळी उमेदीची वर्षं त्यांनी त्या काठावर भांडी घासली, रोपं धुतली आणि फार तर पाय बुडवून घेतले. पन्नाशी उलटल्यावर डॉक्टरांनी गुडघ्यांचे फोटो उजेडात धरून सांगितलं की जास्त चालू नका, पोहता येत असेल तर पोहा. बाई घरी आल्या, पिशवी ओटीवर ठेवली आणि सरळ पाण्यात गेल्या. यजमान गंगारामभाऊ पंपापाशी उभे होते. त्यांच्या हातातला पाना तसाच राहिला.

"अगं, लोक काय म्हणतील?"

"लोकांचे गुडघे दुखतायत का?" नर्मदाबाईंनी पाण्यातून विचारलं.

गंगारामभाऊ पुन्हा पंपाकडे वळले.

मोगऱ्याच्या कळ्या ऊन चढायच्या आत तोडाव्या लागतात. उमललेल्या कळीला बाजारात कोणी विचारत नाही. म्हणून नालासोपाऱ्याच्या चाळींतून बायका पहिल्या बसने येतात, झुडपांमध्ये कमरेतून वाकतात, आणि काम आटोपून सरळ होतात तेव्हा प्रत्येकीचा हात आधी पाठीवर जातो. त्यातलीच एक सोमी. माहेर कामणच्या पुढच्या पाड्यावरचं, दुसऱ्याच्या भातशेतीवर राबणाऱ्या घरातलं. लग्न होऊन चाळीत आलेली. तिच्या झपाट्याने कळ्या तोडणारी दुसरी नाही, आणि तिच्याइतकी कमी बोलणारीही नाही. एक दिवस काम संपल्यावर ती काठावर उभी राहून नर्मदाबाईंचं पोहणं बघत राहिली. बस गेली तरी हलली नाही.

"बाय, तू बुडत कशी नाय?"

सोमी सगळ्यांनाच अरेतुरे करते. तिच्या बोलीत अहोजाहो नाही, आणि त्यात कुणाचा अपमानही नाही.

"ये आत, दाखवते," नर्मदाबाई म्हणाल्या.

सोमीने आधी घराकडे बघितलं, मग पंपाकडे, मग स्वतःच्या मातीने भरलेल्या पायांकडे. "आमी नाय उतरत हितं," ती म्हणाली आणि निघून गेली.

नर्मदाबाई पाण्यात तशाच उभ्या राहिल्यासारख्या पाय मारत राहिल्या. खरंच की. इतक्या वर्षांत फुलं तोडणारी एकही बाई बावखलात उतरलेली त्यांनी पाहिली नव्हती. पाय धुवायचे तेही बादलीने पाणी काढून, बाजूला जाऊन. हा नियम कुणी केला, कधी केला, कुणाला ठाऊक नाही. ज्यांच्यासाठी केला त्यांनी मात्र तो एकदाही मोडला नव्हता. आपण रोज डोळ्यांनी बघत होतो आणि आपल्याला दिसत नव्हतं, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

दुपारी जेवताना त्यांनी विषय काढला. गंगारामभाऊ माणूस वाईट नाही, पण जुन्या वळणाचा. घास हातातच धरून म्हणाले, "ते पाणी फुलांना जातं. फुलं देवाला जातात. उद्या कोणीही उतरायला लागलं तर कसं चालेल?"

"फुलं तोडतं कोण?"

"त्याच तोडतात."

"त्यांच्या हातची कळी देवाला चालते आणि त्यांचा पाय पाण्याला चालत नाही. देवाने सांगितलंय हे, का तुम्हीच त्याच्या वतीने बोलताय?"

भाऊंनी भात कालवायला घेतला.

"त्या पाण्यात बेडूक आहेत, मासे आहेत, दिवड आहे. ती काय सोवळं नेसून उतरतात?"

गंगारामभाऊ दोन दिवस फुगून बसले. चहा घ्यायचे, पण बशीशी बोलल्यासारखं बोलायचे. आणि मग एका सकाळी नर्मदाबाई काठावर येऊन बघतात तर केळीचे दोन खांब तोडून आणलेले, साफ केलेले, सुंभाने शेजारी शेजारी बांधून ठेवलेले. भाऊंनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही आणि नर्मदाबाईंनीही विचारलं नाही. त्यांनी सोमीला हाक मारली.

घड उतरवला की केळीचा खांब टाकूनच द्यायचा असतो. हलका, फुगीर, पाण्यावर मजेत तरंगणारा. वसईतल्या पिढ्या त्याच्यावर पोहायला शिकल्या आहेत. नर्मदाबाईंनी त्यात आपली एक युक्ती घातली. खांब आतून कांद्यासारखा असतो, सोपटावर सोपट. रोज शिकवायला घेण्याआधी त्या गुपचूप एक सोपट सोलून काढायच्या. बाईला वाटायचं तोच खांब, तोच आधार. इकडे खांब रोडावत चाललेला आणि बाईचे हातपाय कामाला लागलेले. शेवटी बगलेत उरायचा तो आतला पांढरा गाभा, जो मांजराच्या पिल्लालाही तरंगवणार नाही. मग त्या ओरडायच्या, "टाक तो! कधीपासून तूच त्याला सांभाळतेयस!"

युक्ती सगळ्यांना लागू पडली, फक्त सोमीला नाही. कळ्यांवर नजर ठेवून ठेवून तिचे डोळे तयार झालेले. दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "बाय, आज एक साल कमी हाय." फसवणूक उघडी पडली आणि तिची भीती तशीच राहिली. अख्खा श्रावण ती पायरीवर बसून होती. पण यायची मात्र रोज. पुढे दात आवळून, डोळे विस्फारून ती पोहायला शिकली. पलीकडच्या काठाला लागली की थरथरत वर यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरायची. "गेली का आता भीती?" असं नर्मदाबाई विचारायच्या. सोमी नुसती हसायची.

तिच्यामागून दुसरी आली, दुसरीच्या मागून तिची जाऊ. साड्या पायांत अडकायला लागल्या तेव्हा भुईगावची मार्था मदतीला आली. मार्था शिवणकाम करते. तिने लगेच सुकणाऱ्या कापडाचे लांब बाह्यांचे झगे आणि गुडघ्याखाली जाणाऱ्या तुमानी शिवल्या. मापं घेताना ती प्रत्येकीला इतकं हसवायची की माप चुकायचं. बावखलाच्या काठावर आता सकाळी दहा वाजता असा दंगा चालायचा की शेजारच्या वाडीतली माणसं बांधावर येऊन उभी राहायची. ज्या बायकांनी लहानपणी धाकटी भावंडं कडेवर घेतली, मोठेपणी घमेली डोक्यावर घेतली, त्या एकमेकींच्या तोंडावर पाणी उडवत होत्या. बघून डोळे निवावेत असं दृश्य होतं ते.

काही शहाण्या माणसांनी नर्मदाबाईंना अडवून विचारलंही, "या बायका पहाटेपासून राबतात. त्यांना आणखी व्यायाम कशाला हवा?" असं विचारणारे स्वतः संध्याकाळी मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ बांधून किनाऱ्यावर फिरायला जातात, हे सांगायला नको. नर्मदाबाईंनी त्यांना सुनावलं, "ती राबते ते माझ्या मोगऱ्यासाठी. पाण्यात हात मारते तो तिचा तिच्यासाठी. तुम्हाला दोन्हीत फरक कळत नसेल तर या, एक दिवस कळ्या तोडा." कुणी आलं नाही.

अडचण एकच होती. चैत्र लागला की बावखल उतरत जातं. उरलेलं पाणी मोगऱ्याला लागतं, आणि वैशाखात तर म्हशीसुद्धा विचार करून बसतील असा गाळ होतो. दोन वर्षं असं झालं की बायका मोठ्या मेहनतीने शिकल्या आणि पाऊस येईपर्यंत अर्ध्या विसरल्या. शिवाय बावखलात एका वेळी पाचसहाजणींपेक्षा जास्त मावायच्या नाहीत, आणि विचारणाऱ्या तर वाढतच होत्या. भाजी विकणाऱ्या, घरकाम करणाऱ्या, गोदामात खोकी बांधणाऱ्या. नर्मदाबाई प्रत्येकीला म्हणायच्या, "पुढच्या पावसात ये." आणि म्हणताना त्यांचा जीव तुटायचा.

वाट दाखवली कृतिकाने. कृतिका निर्मळचीच, राऊतांची मुलगी, वसईतल्या एका क्लबच्या पोहण्याच्या तलावावर शिकवते. तिथे अकरा ते बारा तलाव रिकामा असायचा. तिने क्लबच्या समितीपुढे मागणी ठेवली, की मंगळवारी आणि शुक्रवारी तो तास या कष्टकरी बायकांना द्या, बारा महिने. समितीचं काम बघणारे देवेंद्र सावे हे तोलून बोलणारे गृहस्थ. त्यांनी नाही म्हटलं नाही.

"पण नियम सगळ्यांना सारखा," ते म्हणाले. "खोल पाण्यात जायचं तर तलावाची एक लांबी न थांबता, काठ न धरता पोहून दाखवायची. आधी तुमच्या सहाजणी दाखवू देत. त्या पोहतात हे दिसलं, की तास त्यांचा. मग मागून नवशिक्या आल्या तरी हरकत नाही. नाही जमलं तर सुट्टीतल्या शिबिराला मी तो तास देऊन टाकतो. त्यांची मागणी आधीच आलीय."

गुढीपाडव्याच्या आधीचा शुक्रवार ठरला. नर्मदाबाईंनी सहाजणी निवडल्या, त्यात सोमी होतीच. बावखलात पाणी होतं तोवर त्यांनी सगळ्यांना घासूनपुसून तयार केलं. जायच्या दिवशी बसमध्ये बायका झग्यांच्या पिशव्या मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. एकीने विचारलं, "मावशी, तिथलं पाणी कसं असतं?"

"पाणी ते पाणी," नर्मदाबाई म्हणाल्या. "आपल्यापेक्षा स्वच्छ असेल, एवढंच."

बावखलातला सगळा अनुभव बोलत होता, आणि तो ठार चुकीचं बोलत होता.

तलाव सुंदरच होता. निळ्या फरशीचा, कडेला दांडी, वास औषधाचा. उथळ बाजूने बायका आत उतरल्या, कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहिल्या, एकमेकींकडे बघून हसल्यासुद्धा. देवेंद्रराव समोरच्या काठावर उभे राहिले. कृतिकाने खूण केली आणि पहिली बाई निघाली. छान निघाली. तलावाच्या मध्यावर फरशी एकदम उतरती होते, तिथवर गेली, आणि मधमाशी चावल्यासारखी वळून काठाला चिकटली. दुसरी गेली. तीही तिथेच वळली. तिसरीने तर पाय टेकून उभं राहूनच मान हलवली.

कृतिका गोंधळली. "मावशी, काय झालं यांना? परवाच मी बघून आले, मस्त स्विम करत होत्या सगळ्या!"

"सरका, मी दाखवते," म्हणत नर्मदाबाई शिडीवरून उतरल्या. त्यांना राग आला होता. इतक्या खटपटीने मिळालेली संधी या बायका थिल्लरपणाने घालवतायत असं त्यांना वाटलं. जोरात चार हात मारून त्या पुढे गेल्या, फरशी जिथे खाली जाते तिथे पोचल्या, आणि सवयीने नाही तर सहज म्हणून त्यांची नजर खाली गेली.

खाली सगळं दिसत होतं. फरशीचा चौकोन न् चौकोन, काळी रेघ, कुणाची तरी पडलेली केसांची पिन. आणि मध्ये काहीच नाही. गच्चीच्या कठड्यावरून ओणवं व्हावं तसं झालं. एवढ्या वर्षांत त्यांनी आपल्या खालचं पाणी कधी पाहिलंच नव्हतं. बावखल याच्या दीडपट खोल असेल, पण ते हिरवं पाणी दाईसारखं होतं, काय ते पोटात ठेवायचं, दाखवायचं नाही. इथे खोली उघडी पडली होती. नर्मदाबाईंचे हात आपोआप आखडले. त्या वळल्या, धडपडत काठाला आल्या आणि दांडी धरून उभ्या राहिल्या.

देवेंद्ररावांनी घड्याळाकडे बघायचं टाळलं, पण टाळलं हे सगळ्यांना कळलं. कृतिकाचा चेहरा रडवेला झाला. ती स्वतः असल्याच पाण्यात शिकलेली. पाण्याचा तळ न दिसणं म्हणजे काय हे तिच्या कधी मनात आलं नव्हतं, आणि दिसणं म्हणजे काय हे नर्मदाबाईंच्या.

"काकू, आज राहू दे," देवेंद्रराव हलक्या आवाजात म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी. म्हणजे आणखी एक उन्हाळा, आणखी एकदा सगळ्यांना "पावसात ये" म्हणायचं. दुसरी कुणी असती तर पाणी थंड आहे म्हणाली असती, गुडघा धरला म्हणाली असती. गुडघे तर होतेच हाताशी. पण त्यांनी सरळ सांगून टाकलं.

"मला भीती वाटली गं," त्या बायकांना म्हणाल्या. "खाली बघितलं आणि भीती वाटली. मला पाण्यात कधी भीती वाटली नव्हती. भीती वाटली की काय करायचं असतं ते मला माहीतच नाही."

सहाही बायका त्यांच्याकडे बघत राहिल्या. या बाईला भीती वाटते ही गोष्ट त्यांच्या हिशेबातच नव्हती. त्यांना वाटत होतं, ज्यांना भीती नसते त्यांना पोहता येतं, आणि आपण कशातरी चोरून त्यांच्यात घुसलोय.

सोमी सगळ्यांच्या मागे उभी होती. ती पुढे आली.

"बाय, मी तर रोज भिऊनच पवते."

"काय?"

"रोज. पयल्या दिसापासून. तू इचारायचीस, भीती गेली का. कुठं जाते? उतरले का ती पन उतरते. तिला म्हनायचं, चल बाजूबाजूनं. हात मारायचं सोडायचं नाय."

एवढं एका दमात सोमी आयुष्यात कधी बोलली नसेल. बोलून झाल्यावर तीच लाजली आणि लाज लपवायला म्हणून की काय, निघाली. डोळे विस्फारलेले, दात आवळलेले, मान ताठ. फरशी जिथे उतरते तिथे तिचे हात मंदावले, पण थांबले नाहीत. तिने खाली बघितलं. नीट, मान वाकवून, सगळं बघून घेतलं, आणि पुढे गेली. तिचं पोहणं देखणं नाही. कृतिकाला त्यात सतरा चुका सापडतील. पण त्या दिवशी त्या निळ्या पाण्यात तिच्याइतकं थोर कोणी दिसत नव्हतं. पलीकडे पोचून तिने दांडीला हात लावला आणि वळून ओरडली, "भिऊनच या गं!"

बायका भिऊनच गेल्या. एक देवाचं नाव घेत, एक मोठ्याने आकडे म्हणत, एक तर चक्क नवऱ्याला शिव्या देत गेली, पण एकीनेही काठ धरला नाही. शेवटची पोचली तेव्हा कृतिका टाळ्या वाजवत रडत होती आणि देवेंद्रराव चष्मा पुसत होते. तास बायकांचा झाला. मंगळवार आणि शुक्रवार, बारा महिने.

मग नर्मदाबाईंची पाळी आली. तसं कुणी म्हटलं नव्हतं, पण त्या स्वतःच निघाल्या. उतारापर्यंत गेल्या, थोड्या पुढेही गेल्या, पलीकडून सहाजणी "मावशी, या, या" करत होत्या, आणि हात पुन्हा आखडले. त्या परतल्या. पुन्हा एकदा गेल्या, पुन्हा परतल्या. तिसऱ्यांदा त्यांना दम लागला. सहा शिष्या पास आणि गुरू नापास, असा निकाल निर्मळला त्याआधी कधी लागला नसेल.

देवेंद्ररावांना फारच अवघडल्यासारखं झालं. "काकू, तुमचं काम मोठं आहे," ते म्हणाले. "तुम्ही पाण्यात उतरलंच पाहिजे असं नाही. इथे काठावर खुर्ची ठेवायला सांगतो. बसून बघा."

"बसून बघायला मी काय लग्नाला आलेय?" नर्मदाबाई म्हणाल्या. पण आवाजात नेहमीची धार नव्हती. परतीच्या बसमध्ये बायका गाणी म्हणत होत्या, आणि त्या खिडकीबाहेर बघत होत्या. आनंद होता, खूप होता. पण त्याच्या शेजारी शरम बसली होती. घरी आल्यावर गंगारामभाऊंनी विचारलं, "झालं का?" त्यांनी सगळं सांगितलं, स्वतःचं नापास होणंही. भाऊंनी हातातला पाना पुसून ठेवला. मग म्हणाले, "मग मंगळवारी जाणार नाहीस?"

हा प्रश्न मात्र नर्मदाबाईंना रात्रभर पुरला.

मंगळवारी त्या गेल्या. अकराच्या आधीच जाऊन उथळ बाजूला दांडी धरून उभ्या राहिल्या. कृतिकाने सांगितलं होतं, की मावशी, डोकं पाण्याखाली घालून डोळे उघडे ठेवायची सवय करा, तळाशी ओळख करून घ्या. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी नर्मदाबाई नाक धरून पाण्याखाली जात होत्या, तळ बघत होत्या आणि फुरफुरत वर येत होत्या. केस कपाळाला चिकटलेले, डोळे लाल. पलीकडे खोल पाण्यात सोमी आणि बाकीच्या पोहत होत्या.

बातमी चाळींमध्ये पसरली होती. नव्या बायका आल्या होत्या. त्यातली एक, घरकाम करणारी, चाळिशीची, मार्थाने शिवलेल्या झग्यात अंग चोरून शिडीवर उभी होती. एक पाय पाण्यात, एक वरच्या पायरीवर. तिने खोल पाण्यात पोहणाऱ्या बायकांकडे बघितलं आणि पाण्यातला पाय बाहेर काढला. हे आपलं काम नाही, असं तिच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं. ती जायला वळली आणि तेवढ्यात तिला दांडीपाशी धापा टाकणारी म्हातारी दिसली.

"आजी, तुम्ही पण शिकायला आलात?"

सोमी तेव्हा नेमकी या काठाला पोचत होती. तिने ते ऐकलं आणि सांगायला तोंड उघडलं, की अगं बये, ही कोन हाय माहीत हाय का तुला, आमा सगळ्यांना हिनंच तर शिकवलं. नर्मदाबाईंनी तिच्याकडे नुसतं बघितलं. सोमीने तोंड मिटलं.

"हो," नर्मदाबाई म्हणाल्या. "या पाण्यात मी नवीनच आहे. तिथे पुढे फरशी खाली जाते ना, तिथे मला फार भीती वाटते."

बाई जराशी हसली. पायरीवरून परत खाली आली, एक पाय पाण्यात टाकला, मग दुसराही टाकला.

"मग मी येऊ तुमच्यासोबत?"

"चल," नर्मदाबाई म्हणाल्या, आणि दांडीवरचा एक हात सोडून तिच्यापुढे केला.